हिरवा दिवा खरे बोलतो काय?

भिवंडी हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील माणसाच्या कानांत अजूनही यंत्रमागांचा खडखडाट घुमू लागतो. गेल्या दोन दशकांत मात्र, आणि विशेषतः २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून, त्या शहराभोवती एक दुसरीच वसाहत उभी राहिली आहे. ती गोदामांची आहे. मुंबई-ठाण्यात आणि त्यांच्या पलीकडे घरोघर पोहोचणारा माल येथे उतरतो, त्याची वर्गवारी होते आणि तो पुन्हा ट्रकांत चढतो. मागांच्या शेजारी उभी राहिलेली ही गोदामे शांत आहेत असे मात्र नाही. सरकत्या पट्ट्यांची घरघर, फोर्कलिफ्टचे भोंगे, मागे येणाऱ्या ट्रकांच्या घंटा आणि पत्र्याच्या छपरावर आदळून परतणारा या साऱ्यांचा प्रतिध्वनी यांत माणसाचा आवाज बुडून जातो.

या गोंगाटात एक कामगार हातात छोटे यंत्र घेऊन उभा असतो. खोक्यावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ते रोखावयाचे, कळ दाबावयाची आणि यंत्र ‘बीप’ असे बोलले की खोके पुढे ढकलावयाचे, हे त्याचे काम. पाळीभरात ही क्रिया त्याला शेकडो वेळा, कित्येकदा हजाराहून अधिक वेळा करावी लागते. प्रश्न एवढाच आहे की, ते यंत्र बोलले हे त्याला कळते कसे? आणि ते बोलले म्हणजे नेमके काय बोलले? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु चुकीचे औषध चुकीच्या रुग्णालयात जाणे आणि त्या चुकीपायी एखाद्याची रोजी बुडणे, या दोन्ही गोष्टी पुष्कळदा याच क्षुल्लक प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांची. त्यांना तिचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले. दुकानात ती प्रत्यक्ष उतरावयास आणखी दोन तपे जावी लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट यंत्रापुढून सरकविण्यात आले आणि आजच्या पद्धतीच्या बारकोडवरील पहिली विक्री नोंदली गेली. दुकान ही तुलनेने शांत जागा. तेथे एक बारीक आवाज पुरेसा होता, कारण गल्ल्यावरील माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये दुसरे काही बोलणारे नव्हते. पुढे हे यंत्र हातात मावेल एवढे झाले आणि गल्ला सोडून गोदामात, कारखान्यात, विमानतळावर, रुग्णालयात पोहोचले. जागा बदलली, काम बदलले. इशारा मात्र बऱ्याच अंशी दुकानातलाच राहिला.

आवाजाचे गणित

आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढवावा, हा पहिला आणि सर्वांत सोपा विचार. तो टिकत नाही. धोक्याचा ध्वनी भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वरचढ असावा, अशी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या धोकासूचक ध्वनींविषयीच्या मानकातील अपेक्षा आहे. कामाच्या जागी ९० डेसिबल गोंगाट असेल तर इशारा १०५ डेसिबलपर्यंत न्यावा लागेल. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा पंधराचा फरक किती मोठा आहे ते कळते. आपल्याकडे कारखाने अधिनियमाखालील आदर्श नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा मानली. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संशोधन संस्था ८५ चीच शिफारस करते. ज्या गोंगाटापासून कामगाराचा कान वाचवावयाचा, त्याच गोंगाटात त्याहून मोठा आवाज दिवसातून हजार वेळा त्याच्या हाताशी करावयाचा, हा उपाय नव्हे. कानात बोळे घालण्याची सक्ती करावयाची आणि कानाने ऐकण्याचीही अपेक्षा धरावयाची, यातील विसंगती तर उघडच आहे.

दुसरी अडचण आवाजाच्या मालकीची आहे. एका रांगेत दहा माणसे दहा सारखीच यंत्रे चालवीत असतील, तर जो बीप ऐकू आला तो कोणाचा? शेजाऱ्याच्या यंत्राचा आवाज आपलाच समजून खोके पुढे ढकलले जाते आणि ते नोंदले गेले नव्हते हे संध्याकाळी मोजदाद करताना उघड होते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलू लागतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिले. यंत्रांनाही हीच सवय लावली तर प्रत्येकाने शेजाऱ्यावर मात करण्याच्या भरात सर्वांचेच ऐकू येईनासे होईल. तेव्हा काही काम कानाकडून काढून डोळ्याकडे सोपविणे, हाच मार्ग उरतो.

हा मार्ग नवाही नाही. मागांच्या खडखडाटात आवाज निरुपयोगी ठरतो, हे कापड गिरण्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर स्त्रिया ओठांच्या ठळक हालचालींनी एकमेकींशी बोलत आणि त्या बोलीला स्वतंत्र नावही होते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची योजना होती. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात याच विचारातून ‘आंदोन’ आले. आंदोन म्हणजे जपानी कागदी कंदील. कामगाराला अडचण आली की त्याने दोरी ओढावयाची. वर फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि मदतीला माणूस धावतो. या दिव्याचा हेतू चूक कोणाची हे जाहीर करणे हा नव्हता, तर मदत कोठे हवी हे सांगणे हा होता. हा हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आजच्या स्कॅनरवरील दिव्यांत नेमका तोच हरवला आहे.

वाचले आणि स्वीकारले

बहुतेक स्कॅनरवर एक छोटा दिवा असतो. तो हिरवा झाला की काम झाले, असे कामगाराला शिकविले जाते. वस्तुतः तो दिवा एवढेच सांगतो की पट्ट्यांवरील आकडा यंत्राला वाचता आला. तो आकडा योग्य वस्तूचा आहे काय, ती वस्तू याच मागणीतील आहे काय, तिची मुदत उलटली आहे काय आणि मुख्य संगणकाने ही नोंद स्वीकारली काय, यांपैकी काहीही त्या हिरव्या दिव्यात नसते. सारख्या वेष्टनातील दोन औषधांपैकी चुकीचे औषध उचलले तरी त्यावरील पट्ट्या स्वच्छ वाचल्या जातात आणि दिवा हिरवाच लागतो. मुख्य संगणकाचा नकार एखाद्या सेकंदाने, आणि लोखंडी मांडण्यांच्या दाटीत बिनतारी जोडणी क्षीण झाली असेल तर त्याहूनही उशिरा, लहानशा पडद्यावर उमटतो. तोपर्यंत कामगाराचा हात पुढच्या खोक्यावर गेलेला असतो.

दिव्याचा अर्थ आणि वस्तुस्थिती यांतील असे अंतर किती महाग पडते याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती बंद झाल्याचे सुचवीत होता. झडप प्रत्यक्ष मिटली काय, हे तो दिवा सांगतच नव्हता. तो फक्त मिटण्याची आज्ञा तिच्यापर्यंत गेली एवढेच दाखवीत होता. चालकांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि दोन तासांहून अधिक काळ शीतकरणाचे पाणी बाहेर जात राहिले. त्याच वेळी पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाल्याने महत्त्वाचा कोणता हेही त्यांना उमगेना. प्रारंभी दोष चालकांच्या माथी मारला गेला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने चालकांच्या चुका नाकारल्या नाहीत, पण त्यांचे प्रशिक्षण, कार्यपद्धती आणि नियंत्रण कक्षाची रचना यांतील उणिवाही स्पष्टपणे मांडल्या.

गोदामातील स्कॅनर म्हणजे अणुभट्टी नव्हे, हे खरे. पण चुकीची जात एकच आहे. ‘आज्ञा गेली’ आणि ‘काम झाले’ या दोन भिन्न गोष्टींना एकच दिवा दिला, की विश्वासू माणूस फसतो. यावरील उपाय अवघड नाही. वाचल्याची खूण वेगळी आणि स्वीकारल्याची खूण वेगळी असावी. हिरवा रंग दुसऱ्या खुणेसाठीच राखून ठेवावा. उत्तर येईपर्यंत यंत्राने ‘थांबा’ असे काही दाखवावे आणि उत्तर आलेच नाही तर तेही लपवू नये.

डोळ्यालाही मर्यादा आहेत

कानाचे काम डोळ्याकडे दिले म्हणजे सारे साधले असेही नाही. डोळ्याचे स्वतःचे नियम आहेत. खोके उचलताना नजर खोक्यावर असते, यंत्राच्या पाठीवरील दिव्यावर नसते. नजरेच्या कडेला हालचाल आणि लुकलुक चटकन जाणवते, पण रंग नीट ओळखता येत नाही. म्हणजे कडेला लागलेला दिवा ‘काहीतरी झाले’ एवढे सांगू शकतो. ‘काय झाले’ हे सांगू शकत नाही. म्हणूनच खूण यंत्रावर देण्यापेक्षा नजर जेथे आहे तेथेच, म्हणजे खोक्यावर, प्रकाशाच्या ठिपक्याने द्यावी ही कल्पना महत्त्वाची आहे. डेटालॉजिक या इटालियन कंपनीने असा हिरवा ठिपका आपल्या स्कॅनरांत आणला आणि इतर उत्पादकांनीही त्या दिशेने पावले टाकली. मात्र हा ठिपकाही मुख्यतः वाचल्याचीच ग्वाही देतो. तो योग्य जागी आला आहे, पण त्याचा अर्थ अजून अपुराच आहे.

रंगाच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. लाल धोक्याचा आणि हिरवा सुरक्षिततेचा, हा संकेत जगभर रूढ आहे. परंतु युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारापैकी एकाला रंगांधत्वाचा कमीअधिक दोष असतो, आणि त्यात मुख्यतः याच दोन रंगांचा घोटाळा होतो. अन्य समाजांत हे प्रमाण कमी आढळते, पण ते शून्य नाही. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. त्यामागे रंगांधत्व असावे, असा तर्क फ्रिथियोफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने मांडला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासण्याची प्रथा त्यातून रूढ होत गेली. आपल्या रेल्वेतही इंजिनचालकाची अशी चाचणी होते. गोदामात हंगामी भरती झालेल्या मुलाची ती कोण करणार? ती करून त्याला कामावरून दूर ठेवावे, असेही नव्हे. रस्त्यावरील सिग्नलमध्ये लाल दिवा नेहमी वर असतो. रंग न कळणाऱ्यालाही जागेवरून अर्थ कळतो. यंत्रावरही रंगाच्या जोडीला जागा, आकार आणि लय यांचा आधार दिला की काम भागते. स्वीकारासाठी एक स्थिर खूण आणि नकारासाठी रुंद, सावकाश लुकलुकणारी पट्टी व मोठी फुली, एवढे पुरेसे आहे.

त्यातही एक व्यावहारिक मेख आहे. बहुसंख्य स्कॅनरांचा नेम धरण्याचा किरण मुळातच लाल असतो. जो रंग दिवसभर कामाचा म्हणून डोळ्यांपुढे असतो, तोच धोक्याचा म्हणून अकस्मात कसा ओळखावयाचा? शिवाय मालधक्क्याच्या उघड्या दारातून येणाऱ्या दुपारच्या उन्हात लहानसा दिवा फिकट पडतो. म्हणून कोणी तो भराभर लुकलुकणारा करावा, तर तेथेही सीमा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालिकेत लाल-निळा प्रकाश अतिवेगाने चमकला आणि सुमारे ७०० जणांना, ज्यांत बहुतेक मुले होती, रुग्णालयात न्यावे लागले. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकाट नको, हा संगणकाच्या पडद्यांसाठी मान्य झालेला दंडक हातातील यंत्रालाही लागू करणे शहाणपणाचे ठरेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. दिवे वाढविले तर दिव्यांचाच गोंगाट होणार नाही काय? होईल. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत यंत्रांचे इशारे इतके वाढले की परिचारिकांचे मन त्यांना सरावले आणि खरा इशाराही दुर्लक्षिला जाऊ लागला. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेला २०१४ मध्ये इशाऱ्यांचे व्यवस्थापन हे राष्ट्रीय सुरक्षा उद्दिष्ट म्हणून घालून द्यावे लागले. यावरून मिळणारा धडा असा की, यशाची खूण थोडक्यात आटोपावी आणि अपयशाची खूण दखल घेईपर्यंत टिकावी. हजारांतील नऊशे नव्वद वेळा सारे ठीक असते. तेथे यंत्राने हळूच मान डोलवावी. उरलेल्या दहा वेळा मात्र त्याने कामगाराची वाट अडवावी आणि काय बिघडले ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे. उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेल्या मजुराला पडद्यावर इंग्रजीत त्रुटीचा नुसता क्रमांक दाखविणे म्हणजे इशारा देणे नव्हे, तर जबाबदारी झटकणे होय.

चूक कोणाच्या नावावर?

येथेच या प्रश्नाचे खरे मर्म आहे. यंत्र निवडणारा, त्याचे इशारे ठरविणारा आणि त्याची किंमत मोजणारा माणूस शांत, वातानुकूलित खोलीत बसतो. त्या खोलीत ते यंत्र उत्तम बोलते. ते वापरणारा गोंगाटात उभा असतो. आणि प्रत्येक स्कॅन त्याच्या ओळख क्रमांकाखाली नोंदला जात असल्यामुळे, न ऐकू आलेल्या इशाऱ्याची चूक यंत्राच्या नव्हे, त्याच्या नावावर जमा होते. वेगाचा हिशेब सेकंदांत ठेवला जातो, चुकांचा टक्क्यांत; पण इशारा पोहोचला होता काय, हा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

यंत्राची नोंद म्हणजे सत्य, असे मानण्याची सवय किती घातक ठरते, हे ब्रिटनमधील टपाल कार्यालयांच्या ‘होरायझन’ प्रकरणाने दाखविले. १९९९ पासून २०१५ पर्यंत सदोष संगणकप्रणालीने दाखविलेल्या तुटीवरून टपाल कार्यालये चालविणाऱ्या ९०० हून अधिक व्यक्ती दोषी ठरविल्या गेल्या. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून दोषसिद्धी रद्द कराव्या लागल्या. तेथील यंत्र वेगळे, व्यवहार वेगळा. परंतु ‘यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो’ हे गृहीत तेच. ज्यांचे सारे आयुष्य नोंदवह्यांत गेले आहे, त्या कारकुनाला या गृहीताची धार अधिक सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापना साधारणतः तिच्या कक्षेत येतात, तेव्हा गोदाम हा कारखाना की दुकान, या जुन्या वादाची तीव्रता आता कमी व्हावयास हवी. तरीही कायदा फार तर गोंगाटाची मर्यादा सांगेल. दिव्याने काय सांगावे, हे तो क्वचितच सांगतो. ते काम खरेदीच्या करारातच व्हावे लागेल. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते प्रत्यक्ष गोंगाटात, कानांत बोळे आणि हातांत मोजे घातलेल्या कामगारांकडून, दिवसा आणि रात्रपाळीतही तपासून घ्यावे. दिव्याच्या जोडीला हाताला जाणवणारे कंपनही असावे. मात्र जाड मोजा आणि थरथरता पट्टा यांत ते हरवू शकते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. आणि चुकीची चौकशी करताना पहिला प्रश्न ‘कामगार कोण होता’ हा नसावा, तर ‘इशारा दिसला होता काय’ हा असावा.

याचा खर्च कोणी करावा, असे मालकवर्ग विचारील. दिवा, पट्टी, पडद्यावरील मराठी-हिंदी शब्द यांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. चुकीच्या पत्त्यावर जाऊन परत येणाऱ्या मालाचा खर्च त्याहून मोठा असू शकतो. शिवाय यातून आणखी एक दार उघडते. कर्णबधिर तरुणांनाही कुरियरचे काम उत्तम जमते, हे मुंबईतील ‘मिरॅकल कुरियर्स’सारख्या उपक्रमाने दाखवून दिले आहे. ज्या यंत्राचा इशारा कानावाचून पुरता कळतो, ते त्यांच्याही हातात देता येते. आणि वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने ज्याचे कान मंदावले आहेत, त्या जुन्या कामगारालाही ते घरी बसवीत नाही.

यंत्र माणसाला चटकन उत्तर देते, याचे कौतुक पुष्कळ झाले. ते उत्तर खरे आहे काय, आणि ज्याला दिले त्याच्यापर्यंत ते पोहोचले काय, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला उभा असलेला माणूस हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून खोके पुढे ढकलतो. त्या दिव्याने त्याच्याशी निदान खोटे बोलू नये, एवढीच त्याची मागणी आहे. आणि ती पुरी करणे मुळीच अवघड नाही.